मुखपृष्ठावरची घाबरलेली बाई

फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत परवा एक भयकथा दिसली. मुखपृष्ठावर हिरवट चंद्र, वठलेलं झाड आणि तोंड उघडून किंचाळणारी बाई. मी तिला लगेच ओळखलं. आमच्या शेजारच्या सुमनकाकू.

काकूंचे यजमान अशी मुखपृष्ठं रंगवायचे, भुतांच्या सिनेमांची पोस्टरंही. घाबरलेली बाई हवी असली की काकूंनाच समोर बसवायचे.

या जुन्या चित्रांची मला अजून ओढ वाटते, ती काही भुतांमुळे नव्हे. भूत कुणीही काढतं. सुळे, नखं, पांढरी साडी, झालं! खरी भीती असते ती भूत बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर. आणि तो चेहरा हाताने रंगवायचा, म्हणजे समोर कुणीतरी खरंच तसं बसलेलं असायचं.

लहानपणी मी काकूंना विचारलं होतं, "समोर भूत नसताना इतकं घाबरायला कसं जमतं हो तुम्हाला?"

"समोर हे असतात ना," भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या. मी खूप हसले. त्या हसल्या नाहीत.

काकू गेल्या तेव्हा हार घालायला घरात त्यांचा एकही फोटो सापडला नाही. काकांनी एका जुन्या मुखपृष्ठावरूनच तसबीर रंगवली. झाड आणि चंद्र गाळले, तोंड मिटवलं, कपाळावर ठसठशीत कुंकू रेखलं. डोळे मात्र होते तसेच राहिले.

ती तसबीर काकांच्या खुर्चीसमोरच टांगलेली आहे. मी गेले तेव्हा ते निवांत चहा पीत होते, आणि काकू त्यांच्याकडे बघत होत्या.