केळुसकरकाकांची दुसरी खोली

जर्मनीतल्या आखन शहरातल्या आमच्या इमारतीत सकाळी सगळ्यांच्या खिडक्या उघडतात. बाहेर बर्फ असो की पाऊस, माणसं तावदानं सताड उघडतात, उशा-पांघरुणं कठड्यावर टाकतात, आणि थोड्या वेळानं सगळं लावून घेऊन कामाला जातात. पहिल्या मजल्यावरच्या डावीकडच्या खिडक्या तेवढ्या कधी उघडत नसत. त्या केळुसकरकाकांच्या.

देवदत्त केळुसकर मूळचे कुडाळचे. वय पन्नाशीच्या थोडं पुढे. मस्कतमध्ये एकोणीस वर्षं त्यांनी मोठमोठ्या इमारतींची वातानुकूलन यंत्रणा सांभाळली आणि दोन वर्षांपूर्वी इथल्या एका कंपनीत आले. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. एकदा जिन्यात मी फोनवर आईशी मराठीत बोलत होते, ते ऐकून ते थांबले, आणि फोन संपेपर्यंत तसेच पायरीवर उभे राहिले. तेव्हापासून शनिवारी माझ्याकडे डब्यातून बांगड्याचं तिखलं येतं. बदल्यात त्यांच्या वतीनं जर्मन मी बोलते. यंत्राच्या भागांची नावं त्यांना बिनचूक येतात; घरमालकीण समोर आली की मात्र ते माझ्याकडे बघतात.

खिडक्यांबद्दल मी एकदा विचारलं होतं.

"तिकडे खिडकी उघडी टाकली तर लोक डॉक्टरकडे नेतील," ते म्हणाले. "बाहेर भट्टी, आत गारवा. जरा फट राहिली की गारवा बाहेर आणि वाळू आत. आम्ही फटींना चिकटपट्ट्या मारायचो."

मस्कतचं ते असंच सांगत, तुकड्यातुकड्यानं. एका खोलीत चौघं, स्वयंपाकाच्या पाळ्या, उजाडायच्या आत कामावर नेणारी बस. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापायचं की गीझर बंद करून त्यात पाणी भरून ठेवायचं. ते आतल्या गारव्यात निवायचं, आणि मग अंघोळीला गरमचा नळ सोडला की गार पाणी. हे सांगताना त्यांना दरवेळी हसू यायचं. शुक्रवारी कपडे धुवायचे आणि घरी फोन करायचा.

घरी म्हणजे कुडाळला. विभावरीकाकू तिथल्या शाळेत शिकवतात. सुरुवातीला काकांचा पगार कुटुंब नेण्याइतका नव्हता; झाला तेव्हा काकूंच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या; त्या गेल्या तर लेकीची, ऋचाची, दहावी आली. वर्षातला एक महिना काका घरी जायचे. लग्नाची इतकी वर्षं अशी एकेक महिन्यानं झालेली.

आता ऋचा नोकरीला लागली होती, काकूंचा व्हिसा झाला होता, आणि मेमध्ये त्या कायमच्या इकडे येणार होत्या. मार्चअखेर शाळेचा राजीनामा द्यायचा, असं ठरलं होतं. काकांनी त्यासाठीच दोन खोल्यांचं घर घेतलेलं. ते दर आठवड्याला मला काहीतरी विचारत. इथे तुळशीचं रोप मिळतं का, बायकांच्या पायाच्या मापाचे बूट कुठे बघायचे. आणि मधूनच म्हणत, "तिनं एकदा 'नंतर बघू' म्हटलं ना, की संपलं गं. मागे दोनदा झालंय."

मार्चच्या सुरुवातीला घरमालकीण फ्राउ लेंट्झन हीटरच्या वापराचे आकडे बघायला वर आल्या. सत्तरीच्या, काटक बाई, तळमजल्यावर राहतात. काकांनी मला खाली बोलावून घेतलं. पुढची खोली झाली, स्वयंपाकघर झालं. बाईंनी दुसऱ्या खोलीच्या दाराकडे बोट केलं.

"तिथे कोणी राहत नाही म्हणावं," काका मला म्हणाले.

"राहत नसेल, पण हीटर तर आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनीच दार ढकललं.

आत पाऊल टाकताच ओलसर, कोंदट वास आला. खोलीत नवं कपाट होतं, नवा पलंग होता, गादीवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. हीटर बंद. कपाटामागची भिंत खालपासून पार छतापर्यंत काळी पडली होती.

"शिमल," बाई म्हणाल्या. बुरशी. मग बराच वेळ त्या भिंतीकडेच बघत राहिल्या. "हेर केळुसकर, तुम्ही हवेचे इंजिनिअर ना?"

"या," काका जर्मनमध्ये म्हणाले. हो.

"मग ही हवा कोणी बघायची?"

मी भाषांतर केलं नाही. काकांना ते कळलं होतं.

थंड खोली आणि बंद दार, मग दुसरं काय होणार, असं त्या म्हणाल्या. रोज दोन वेळा खिडकी पूर्ण उघडायची, हे करारातच आहे. महिन्याभरात भिंत कोरडी आणि स्वच्छ दिसली नाही तर त्या दुसरा भाडेकरू बघतील. त्या गेल्यावर काका पलंगाच्या कडेवर बसले. प्लास्टिक चुरचुरलं तसे लगेच उठले.

"स्वच्छ राहावी म्हणून बंद ठेवली होती गं," ते म्हणाले. "धूळ बसू नये म्हणून." मग थोड्या वेळानं, "घर गेलं तर ती येणार कुठे? विभाला यातलं काही कळता कामा नये."

पुढच्या शनिवारी आम्ही भिंत खरवडायला घेतली. कपाट मधोमध ओढलं, तोंडाला मास्क, हाताला मोजे, बादलीत स्पिरिट. खिडकी सताड उघडी होती आणि काका अंगात ओव्हरकोट घालून भिंत खरवडत होते. काकूंचा फोन आला. हात भरलेले, म्हणून त्यांनी शिडीवर ठेवलेला फोन कोपरानंच घेतला. तो स्पीकरवर लागला.

"अहो, बाहेर आहात का?"

"नाही. घरीच."

"मग हा आवाज कसला?"

"चर्चची घंटा. खिडकी उघडी आहे. आणि खालची मुक्ता, म्हणजे वरची, ती पण आहे इथे."

"नमस्कार काकू," मी म्हटलं. मला जायचं होतं. पण शिडी मी धरली होती आणि काका शिडीवर होते.

काकू थोडा वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. "तुमचा फोन आला की मागे कायम एसीची घरघर असायची," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलायचे थांबलात तरी ती चालू. फोन कट झालेला नाही, हे मला त्यावरून कळायचं."

काकांनी खरवडणं थांबवलं. मला वाटतं, त्या बोलण्यामुळेच त्यांना लपवणं जमलं नसावं.

"विभा, खोलीला बुरशी आलीय."

पलीकडून हसू आलं. मोकळं, मोठ्यांदा. "एवढंच ना? अहो, कुडाळचे ना तुम्ही? श्रावणात आपल्याकडे कपाटातल्या चपलांवर बुरशी येते. आईंची पत्रिकासुद्धा मी दरवर्षी उन्हात घालायचे. विसरलात?"

"विसरलो," काका म्हणाले.

"वाळवंटानं पार कोरडं केलं तुम्हाला. कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका. कुठल्या खोलीला आलीय?"

"तुझ्या."

"माझ्या म्हणजे?"

"म्हणजे तुझ्यासाठी ठेवलीय ती. पलंग आहे, कपाट आहे. सगळं नवीन."

"आणि तुमची?"

"माझी पुढे. रस्त्याच्या बाजूची." काका शिडीवरून खाली उतरले. "तुला एकटीला झोपायची सवय. मी घोरतो पण. म्हटलं, तुला त्रास नको."

घंटा थांबली होती. खाली कोणीतरी सायकल लावत होतं, साखळीचा आवाज आला. मी शिडी सोडून दाराबाहेर जाऊन उभी राहिले, पण घर लहान. ऐकू आलंच.

"तुम्ही यायचे असलात की मीही आठ दिवस आधी, पाहुणा यायचा असल्यासारखं, घर आवरायला लागते," काकू सावकाश म्हणाल्या. "चादरी बदलते. जेवायला काय काय करायचं ते ठरवते. तुम्ही परत गेलात की मग पाय पसरून बसते. मला वाटायचं, हे माझं एकटीचंच. वाईट वाटायचं त्याचं."

आत गादीवरचं प्लास्टिक चुरचुरलं.

"बरं. भिंत नीट वाळवा," काकू म्हणाल्या. "ठेवते."

एप्रिलमध्ये फ्राउ लेंट्झन आल्या. भिंतीवरून तळहात फिरवला, कोपऱ्यात वाकून वास घेतला. "ना आल्झो," झालं की मग, असं म्हणाल्या आणि काकांच्या दंडावर थोपटून गेल्या. घर राहिलं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी काका बसथांब्यावर भेटले. त्यांनी केस कापले होते, त्यामुळे कान उघडे पडून चेहरा लहान दिसत होता.

"तिकीट झालं विभाचं," ते म्हणाले. "सुट्टी लागली की येतेय."

"अरे वा."

"परतीचं पण काढलंय. शाळा उघडायच्या आत." त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. बस दिसत नव्हती. "राजीनामा नाही दिला. पुढच्या वर्षी बघू म्हणाली."



"रागानं नाही म्हणाली," ते म्हणाले. "चांगलं बोलली. ऋचाशी पण बोलणं झालंय तिचं. मी तरी काय वेगळं सांगायचो? दरवर्षी निघताना, गाडीत बॅग ठेवताना, हेच. पुढच्या वर्षी बघू."

शाळकरी पोरांचा एक घोळका जर्मनमध्ये कलकलाट करत आमच्यामधून गेला. काकांनी त्यांना वाट करून दिली आणि परत जवळ आले.

"मुक्ता, महिनाभरासाठी कोणी आलं तर लोक इथे काय काय दाखवतात गं? ती तीन देशांची हद्द म्हणतात, ती जवळच आहे ना?"

"बसनं जाता येतं," मी म्हटलं.

"तिथे बसायला काही आहे का? तिला फार चालवायला नको. तिचा गुडघा दुखतो, असं ऋचा म्हणत होती. मला माहीत नव्हतं."