होडीच्या नावातलं भोक

पूनम सागर वस्तीतल्या एका गल्लीत माझं रेडियम कटिंगचं दुकान आहे. गाड्यांवरची नावं, दुकानांच्या पाट्या, असली कामं. दिवसभर हिंदी बोलून जीभ वाकडी होते, त्यामुळे किनाऱ्यावरच्या पाली गावची मासेवाली मावशी आली की मला बरं वाटतं. तिच्याकडून मी बोंबील घेतो आणि ताजे आहेत का विचारलं की शिव्याही खातो.

त्या दिवशी ती मार्केट आटोपून थेट दुकानात आली. नवी होडी घेतली होती, तिला सासूचं नाव द्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फादर आशीर्वाद देणार, की लगेच तिचा मुलगा होडी पाण्यात घालणार. जुन्या होडीत पाणी शिरून तिचा नवरा गेला, हे अख्ख्या मार्केटला ठाऊक होतं.

मी नाव टाइप केलं, अक्षरांचे आकार केले, जोडले. स्क्रीन बघून ती ओरडलीच. "अरे मेल्या, भोकं किती रे ही!"

खरंच होती. आपली अक्षरं शिरोरेषेपाशी एकमेकांवर चढतात आणि मी घाईत 'कम्बाइन' दाबलं होतं. त्यात आकार एकावर एक आले की तेवढी जागा पोकळ होते.

"होडीच्या नावाला भोक न्हाय चालत," ती म्हणाली. "माझा पोर हाय तिच्यात."

"मावशी, पाणी काय नाव वाचून आत शिरतं?"

ती हसली नाही. माझी मलाच लाज वाटली. "आणि या 'व'च्या मधलं?" मी हळूच विचारलं.

"त्याचं पोट हाय ते. ते ऱ्हाऊ दे."

मग सगळे आकार एकसंध करणारं 'वेल्ड' दाबायला गेलो, तर बटणच दबेना. अक्षरांचा ग्रुप सोडवला. दबलं, पण एक अक्षर बाहेर राहिलं, त्याच्या रेषेचं एक टोक उघडं होतं. टोकं जुळवली, तर सगळं गायब! त्या सॉफ्टवेअरला मी नको नको ते बोललो. मावशी मागे उभी राहून स्क्रीनवर भोकं शोधत होती. अखेर सगळं एकजीव झालं. कापलं, जादा रेडियम सोललं, वर चिकटपट्टी लावून तिच्या हातात दिलं.

सकाळी दुकान उघडलं, तर टेबलावर निळ्या रेडियमचा तिळाएवढा तुकडा. 'व'च्या पोटातला तो नक्कीच नव्हता. फाइल उघडून झूम केलं. दोन शिरोरेषा अगदी सरळ जुळल्या नव्हत्या, मध्ये एक बारीक भोक राहिलं होतं. मी असलं काही मानत नाही. तरी शटर ओढलं, भोक बुजवायला तो तुकडा घेतला आणि स्कूटर पालीकडे पिटाळली. गल्लीबोळांत दोनदा पडता पडता वाचलो.

किनाऱ्यावर पोचलो, तर होडी गेलेली. माणसं पांगत होती. मावशी एकटीच पाण्याकडे बघत उभी.

"आलास? झ्याक दिसतंय रे नाव," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "एक बी भोक न्हाय ना ऱ्हायलं?"

तुकडा माझ्या बोटाला चिकटलेला होता. मी मूठ मिटली.

"नाही मावशी," म्हटलं, आणि होडी परत दिसेपर्यंत तिच्या शेजारून हललो नाही.