राखणीची बाटली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, ते तुम्ही आमच्या वाडीतले नाही म्हणून.

वसंता माझा धाकटा भाऊ. मुंबईला गोदीत कामाला होता, तिथे दारूला लागला आणि पोटात पाणी घेऊन सावर्ड्याजवळ आमच्या गावी परत आला. पंच्याऐंशी-शहाऐंशी सालची गोष्ट. पोट नगाऱ्याएवढं, डोळे पिवळे, पायांच्या काड्या. दवाखान्यात म्हणाले, लिव्हर गेलं. त्या दिवशी त्याने दारू सोडली, ती सोडलीच.

आणि मग सुरू झालं कौतुक. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची — वसंताने सोडली हो. शेजारीण त्याला शहाळी आणून द्यायची. मी जन्मात थेंब घेतला नव्हता. अलोऱ्याच्या कॉलनीत पाण्याच्या पंपावर नोकरी, सुटलो की घर, पगार आईच्या हातात. मला कधी कुणी म्हटलं, की तू घेत नाहीस हो? न पिणाऱ्याचं कौतुक कसलं करायचं! हसू नका. मी जळायचो. भाऊ मरणाच्या दारात, आणि मी त्याच्या शहाळ्यावर जळत होतो.

त्या मे महिन्यात माझा शाळेतला सोबती गुहागरला घरी आला. तो इंग्लंडात डॉक्टर. वसंताला येऊन तपासलंन. म्हणाला, तिकडे आता मेलेल्या माणसाचं लिव्हर काढून आजाऱ्याला बसवतात. पिणाऱ्याला द्यायला तिथले मोठे डॉक्टर कां-कूं करतात, पण सुटली असेल तर मी शब्द टाकून बघतो; खर्चासाठी तिथल्या आपल्या माणसांपुढे झोळी फिरवतो. खात्री नाही, असंही म्हणाला. रविवारी रिपोर्ट घेऊन ये.

शनिवारी आमची राखण होती. जमिनीच्या राखणदाराला वर्षातून एकदा कोंबडा आणि दारू द्यायची, ही आमच्याकडची रीत. थोरला मी — पण गाऱ्हाणं वसंताच घालायचा. आवाज त्याचा. त्या दिवशीही दोघांनी धरून उभा केला, तो बोलायला लागला आणि सगळी वाडी ‘होय महाराजा’ म्हणत राहिली. स्वतःसाठी काही मागितलं नाही त्याने. माझ्या दादाला सुखी ठेव म्हणाला. तेही मला सहन झालं नाही — का, ते आजही सांगता येत नाही. बाटली ओतताना अर्धी त्याच्याच सदऱ्यावर सांडली.

“दादा,” तो हसत म्हणाला, “मी सोडली, तर आता राखणदार अंगावर ओततोय.”

त्याच्या ओठाला थेंब लागला नव्हता. मी हातभर अंतरावर उभा होतो.

रविवारी गुहागरला गेलो. डॉक्टरने ओटीवर बसून रिपोर्ट बघितले आणि मला म्हणाला, “तू खोटं बोलायचा नाहीस, म्हणून तुला विचारतो. त्याची सुटली आहे ना?”

हो म्हणायचं होतं — एवढंच. पण मनात काय आलं ठाऊक आहे? आता हा विलायतेला जाणार. आता याला पोचवायला सगळी वाडी सावर्ड्याच्या स्टँडवर येणार.

“कालच त्याच्या अंगाला वास येत होता,” मी म्हणालो.

तोंडातून निसटलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. निसटलं नव्हतं. एसटीत खिडकीशी बसून मी तेच वाक्य घोळवत आलो होतो.

डॉक्टरने रिपोर्ट माझ्या हातात परत दिले. घरी मी सांगितलं, बघतो म्हणालाय. वसंता पोस्टमनची वाट बघत राहिला. दिवाळीआधी गेला. शेवटी त्याचे हाल बघवेनात, तेव्हा आईच म्हणाली होती, घे बाबा घोटभर. तो नको म्हणाला. डॉक्टरला कळलं तर?

तिकडे त्याला लिव्हर मिळालं असतं का? कुणाला ठाऊक! मी ते विचारायची वेळच येऊ दिली नाही.

आता राखण मी देतो. मला आवाज नाही, गाऱ्हाणं पुटपुटतो, बाटली ओततो. घरी येतो तेव्हा हाताला वास येत असतो. कुणी काही विचारत नाही. मी कधी घेत नाही, हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे.