हळद लागलेला फळा

मी दिसले की सुमनताई दोन्ही तळहात पुढे करायच्या. दोन्हींवर ज्वारीचा एकेक दाणा. "बोल, कोनता घ्यायचा?" उत्तरासाठी मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, की म्हणायच्या, "माझ्या तोंडावर लिहिलंय का? फळ्याकडं बघ."

जालन्याच्या बियाणे कारखान्यात दाणे निवडणाऱ्या आम्हा बायकांना त्या शिकवत. चांगले, जुने पिवळट आणि किडके दाणे रांगेनं चिकटवून फळा त्यांनीच केला होता. "डोळा थकतो, मानूस इसरतं, फळा इसरत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. मी मंठ्याहून आलेली, नवखी. परीक्षेत पास झाले तर कायम, नाहीतर परत गावी. त्यामुळे देवापेक्षा मी फळ्यालाच जास्त भजत होते.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. ताईंचं हत्यार म्हणजे फळा. त्यांनी ओल्या हळदीची बोटं मनोभावे ओढली, ती नेमकी चांगल्या दाण्यांच्या रांगेवरून. पूजा उरकल्यावर फळा पुसून घेतला आणि आम्ही सगळ्या ते विसरून गेलो.

दसरा झाल्यावर माझी परीक्षा झाली. ताटात पिवळट दाणे होते. डोळा म्हणे जुने, फळा म्हणे चांगले. माझं डोकंच चालेना. चांगले म्हणावेत तर कुणाच्या तरी रानात उगवायचे नाहीत, जुने म्हणावेत तर ताईंचा पहिला धडाच मोडायचा. रडकुंडीला येऊन म्हटलं, "ताई, हे जुने वाटतेत. पन फळा चांगले म्हनून राह्यला."

"फळा खोटं बोलतो व्हय?" त्या तरातरा उठल्या, चष्मा पुसला आणि फळ्यावरचा एक दाणा नखानं खरवडला. नख पिवळं झालं. त्यांनी ते नाकाशी नेऊन हुंगलं.

"माझ्याच हातची हळद हाये," त्या हळूच म्हणाल्या. "आता फळ्याचं ऐकलं न्हाई म्हनून तुला नापास करू, का दाना बराबर वळखला म्हनून पास? मलाच समजून न्हाई राह्यलं."

पास केलं, पण त्यांच्या कपाळावरची आठी काही गेली नाही. पुढच्या खंडेनवमीला हळदीची वाटी घेऊन त्या, त्यानंतर केलेल्या नव्या फळ्यासमोर घुटमळल्या आणि शेवटी बोट माझ्या कपाळाला लावून निघून गेल्या. त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या.

त्यांनी मला नक्की कशावर विश्वास ठेवायला शिकवलं, ते मला अजून उमगलेलं नाही. आता मी शिकवते. मुली माझ्या तोंडाकडे बघतात. मी म्हणते, "फळ्याकडं बघ." आणि त्या जेवायला गेल्या, की हळूच एक दाणा नखानं खरवडून बघते.