तिचं दुखणं मी सांगत होतो

नगरच्या मिशन हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी पुण्याहून आलेला तपासणीचा कागद वाचला आणि माझ्याकडे न बघता माझ्या बायकोला, सुमनला, सांगितलं, "तुम्हाला पेल्व्हिक ट्युबरक्युलॉसिस झालाय. म्हणजे ओटीपोटातला क्षय. गर्भाशयाला आणि दोन्ही नळ्यांना. औषधानं बरा होतो. तुमचं दुखणं खरं आहे."

सुमन रडली ती या शेवटच्या वाक्यानं. चार वर्षांत मी ते एकदाही बोललो नव्हतो.

सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. मी राहात्याजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षक होतो. लग्नानंतर वर्षभरातच सुमनचं ओटीपोट दुखू लागलं. पाळीत जास्त, पण एरवीही रोज. पाणी शेंदताना ती मध्येच थांबायची. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. आई म्हणायची, "पैलं पोर झालं की थांबंल. आमालाबी दुखायचं." पोर होत नव्हतं.

मी तिला दोनदा राहात्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला विचारलं, "कुठं दुखतं?" उत्तर मी दिलं, "पोटात." खाली कुठं, पाळीचं काय, हे शब्द परक्या पुरुषापुढं माझ्या तोंडून निघेनात. तिनं ते बोलावेत हेही मला नको होतं. वर्गात मी पोरांना आरोग्याचे धडे शिकवत होतो. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. मी सांगितलं तेवढ्यावर ते तरी दुसरं काय देणार? परत येताना सुमन म्हणाली, "पोटात न्हाई दुखत." मी म्हणालो, "तेच ते."

याहून वाईट पुढं आहे. दुखण्याच्या चौथ्या वर्षी आईनं कोपरगावकडची एक मुलगी सुचवली. मी बघायला गेलो. तिथं बसून पोहे खाल्ले. घरी आलो तेव्हा सुमन चुलीपुढं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. कुठं गेलो होतो ते तिला ठाऊक होतं. ती काही न विचारता ताट वाढायला उठली आणि भिंत धरून खाली बसली. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

माझ्याच शाळेतल्या मार्थाबाई शेजारी राहायच्या. त्या धावत आल्या. सुमनला पाणी पाजून मला म्हणाल्या, "मास्तर, उद्या हिला नगरला न्यायचं. तिथं डॉक्टर बाईच आहेत. मी येते बरोबर."

डॉक्टरीणबाईंनी काय होतंय विचारलं तेव्हा सवयीनं मीच बोलायला लागलो. त्यांनी मला थांबवलं. "मास्तर, दुखतंय कुणाला?"

मला बाहेर बसवलं. आत सुमन अर्धा तास बोलत होती. एवढं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

मग रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. नंतर डी अँड सी झालं, म्हणजे भूल देऊन गर्भाशयाच्या आतलं थोडं अस्तर खरवडून काढलं. ते पुण्याला पाठवलं. तीन आठवडे वाट पाहिली.

निदान झाल्यावर मी विचारलं, "आधी आलो असतो तर मूल झालं असतं?"

"ते सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चार वर्षं दुखलं मात्र नसतं."

त्या दिवशी घरी जाऊन मी आईला सांगितलं, दुसरं लग्न करणार नाही. आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

नव्वद दिवस रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन आणि दीड वर्ष गोळ्या. गोळ्यांनी तिला मळमळायचं, इंजेक्शनांनी कानात गुणगुण व्हायची. आरोग्य केंद्र चार मैलांवर. शाळा सुटली की तिला सायकलवर मागं बसवून न्यायचो. वाटेत कुणी विचारलं की मी म्हणायचो, "अपेंडिक्स." तेव्हाही मला लाजच वाटत होती, आणि तीही चुकीच्या गोष्टीची.

एकदा पिठाच्या गिरणीपाशी एका शेतकऱ्यानं विचारलं, "मास्तर, रोज कुठं नेता हो बाईंना?" मी बोलण्याआधी सुमन मागून म्हणाली, "मला गर्भपिशवीचा टीबी झालाय. सुई घ्यायला जातो आमी." तिथं दळण घेऊन बायका उभ्या होत्या. माझे कान तापले. पुढं अर्धा मैल मी मान खाली घालून सायकल मारली. मग ती म्हणाली, "तुमाला राग आला का?"

दोन दिवसांनी त्यांतली एक बाई दुपारी घरी आली. दाराशी घुटमळली आणि सुमनला म्हणाली, "तुला दुखायचं ते नेमकं कुठं गं?"

सुमनचं दुखणं सात-आठ महिन्यांत थांबलं. मूल झालं नाही. आता तिच्याकडे आसपासच्या गावांतूनही बायका येतात, आणि ती त्यांना नगरची वाट सांगते. कधी बरोबरही जाते. त्या आल्या की मी चपला घालून बाहेर पडतो. नवऱ्यांनो, तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. तिला दवाखान्यात न्या, आणि बोलू तिलाच द्या.