ऑपरेशनला जाताना दात कशात ठेवायचे?

"आपरेशनच्या टेबलावर दात चालत न्हाईत म्हणं. काढून ठिवा म्हणालेत. तर तम्मा, ते ठिवायचे कशात, एवढंच इचारायला आले."

सुवर्णाक्का माझ्या क्लिनिकमधल्या बाकावर बसून विचारत होत्या. गुरुवारची सकाळ होती. सोमवारी सोलापूरला त्यांच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं. दात म्हणजे वरची पूर्ण कवळी, आणि ती मीच बनवलेली. मी हुमनाबादला वीस वर्षं दातांची प्रॅक्टिस करतोय. कवळी ठेवायच्या प्लास्टिकच्या डब्या माझ्या ड्रॉवरमध्ये ढीगभर पडलेल्या असतात. एक काढून हातात दिली असती तर अक्का दोन मिनिटांत गेल्या असत्या आणि सोमवारी टेबलावर झोपल्या असत्या.

अक्का कोण ते आधी सांगतो. मी मूळचा संतपूरचा. गुलबर्ग्याला डेंटल कॉलेजला असताना चार वर्षं मी अक्कांच्या खानावळीत जेवलो. माहेर त्यांचं निर्ण्याचं. नवरा लवकर गेला, तेव्हा त्यांनी दोन खोल्यांत खानावळ काढली. पोरांची जात विचारली नाही, नाव मात्र विचारलं, आणि ते लगेच बाजूला सारून सगळ्यांना तम्मा म्हणायला लागल्या. कन्नडात तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. कडक ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तुरीची आमटी. नियम एकच: "पानात पडलं ते प्रसाद. त्याला नाव ठिवायचं न्हाई." एकदा एका नव्या पोराने भाजी कच्ची आहे म्हटलं, तर अक्कांनी त्याच्यापुढचं ताट न उचलता त्याच्याकडे इतका वेळ बघितलं की त्याने ती भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली. गुरुवारची आमटी हमखास खारट असायची. का, ते देव जाणे. आम्ही पंचवीस पोरं चार वर्षं गुरुवारी तांब्याभर पाणी जास्त प्यायलो, पण तोंडातून शब्द काढला नाही.

आता अक्का मुलाकडे, शिवराजकडे, हुमनाबादलाच राहतात. दोन वर्षांपूर्वी नातीचं लग्न ठरलं आणि अक्कांचे वरचे उरलेसुरले दात हलायला लागले. ते मी काढले. दात काढल्यावर हिरडीखालचं हाड काही महिने झिजत राहतं, म्हणून कवळी करायला थोडं थांबायचं असतं. पण लग्न तोंडावर आलेलं. मी दीड महिन्यातच माप घेतलं, घाईत कवळी बसवली आणि सांगितलं की सहा महिन्यांनी या, आतून भरून घ्यावी लागेल. याला आम्ही रिलाइन म्हणतो. हाड झिजून जी पोकळी पडते ती कवळीला आतून नवा थर देऊन बुजवायची. अक्कांकडून एक पैसा घेतला नाही, ते माझ्या हातून होणंच नव्हतं.

अक्का सहा महिन्यांनी आल्या नाहीत. बाजारात भेटल्या की मी विचारायचो, दात कसे आहेत. त्या म्हणायच्या, "झकास हायत तम्मा." वर चार बायकांना माझ्याकडे पाठवून दिलं. मी खूश. कौतुक ऐकलं की माणसाचे कान उघडतात आणि डोळे मिटतात, तसं माझं झालं.

पोटाचं दुखणं लग्नानंतर काही महिन्यांनी सुरू झालं. सकाळी पोट सपाट आणि दुपारनंतर फुगायला लागायचं. संध्याकाळी परकराची नाडी सैल करावी लागायची. ढेकरांनी जीव नकोसा व्हायचा. आधी सगळ्यांनी लग्नातल्या जेवणावर खापर फोडलं. मग तुरीची डाळ बंद झाली. मग हरभरा, दूध, शेवटी ज्वारीची भाकरीसुद्धा. बिदरला सोनोग्राफी झाली, गुलबर्ग्याला एंडोस्कोपी झाली, सोलापूरला सीटी स्कॅन आणि कोलोनोस्कोपी झाली. सगळं नॉर्मल. गॅसच्या गोळ्या, जंताच्या गोळ्या, काढे, सगळं करून झालं. नुसत्या आंबिलीवर राहून बाईचं वजन उतरलं, ते बघून सर्जन म्हणाले की आता पोटाला छेद देऊन, दुर्बीण घालून आतच बघू. अक्कांची थोरली बहीण पोटातल्या गाठीनेच गेली होती. ती गाठ आपल्याही पोटात आहे, डॉक्टर लोक सांगत नाहीत, असं अक्कांनी मनाशी पक्कं केलं होतं.

हे सगळं मला तुकड्या-तुकड्यांनी माहीत होतं. पण पोट माझ्या खात्यातलं नाही. मी गळ्याच्या वरचा माणूस.

मी डबी काढायला वळलो. मागे अक्का सोबत आलेल्या शिवराजला काहीतरी सांगत होत्या आणि मला एक आवाज ऐकू आला. टक. मग एक घोट. चार शब्द, पुन्हा टक, पुन्हा घोट. तो आवाज कुठल्याही डेंटिस्टला झोपेतही ओळखू येईल. कवळी खाली सुटते, माणूस जिभेने ती वर ढकलतो, ओढून घट्ट करतो आणि गिळतो. डबी माझ्या हातातच राहिली.

मी त्यांना खुर्चीत बसवलं. कवळी नीट बसली का बघतो म्हणालो आणि गप्प बसायला सांगून मोबाईलवर वेळ लावली. पाच मिनिटांत अक्कांनी एकतीस घोट गिळले. मग कवळी काढून ठेवली आणि पुन्हा पाच मिनिटं मोजली. चार घोट. कवळी परत बसवून पुढच्या दातांवर बोट दाबलं, तर मागची कडा टाळूपासून सुटली आणि तिथे थुंकीचे बारीक बुडबुडे आले. वरची कवळी कशाने चिकटून राहते? आत हवा नसते म्हणून, नुसत्या सक्शनवर. इथे मागून वाट मोकळी होती. हवा आत जात होती आणि अक्का ती दर घोटाला पोटात ढकलत होत्या. दिवसभर.

"अक्का, उपवासाच्या दिवशी पोट कसं राहतंय?"

"त्या दिवशी तर जास्तच. श्रावण सोमवारी काही खाल्लं न्हाई, तरी सांजच्याला नगारा झालता. न खाता फुगायलंय, म्हंजे आत काहीतरी वाढायलंय न्हवं?"

"आन् रात्री दात काढून झोपता का?"

"व्हय. तूच सांगितलास न्हवं काढायला."

म्हणून सकाळी पोट सपाट. मी शिवराजकडची फाइल ओढून घेतली. कोलोनोस्कोपीच्या वेळी अक्का दोन दिवस दवाखान्यात होत्या. तिथे पोट अजिबात फुगलं नाही, असं नर्सने लिहिलेलं होतं. पोट साफ करायच्या औषधाचा गुण, असं सगळ्यांना वाटलं. मी विचारलं, तेव्हा दात कुठे होते? शिवराज म्हणाला, माझ्या पिशवीत, रुमालात गुंडाळून. मला ओरडावंसं वाटलं. दीड वर्ष तीन शहरांतल्या डॉक्टरांनी जे शोधलं ते माझ्या हातात होतं, आणि त्याच्यावर माझ्याच लॅबचा शिक्का होता.

हवा गिळण्याला पुस्तकात एरोफेजिया म्हणतात. मी कॉलेजात त्यावर एक मार्काचं उत्तर लिहिलं होतं.

आता खरं संकट पुढे होतं. शिवराजला सांगायचं. खोटं कशाला बोलू, क्षणभर मनात आलं की गुपचूप रिलाइन करून द्यावी आणि श्रेय कुठल्यातरी गोळीला जाऊ द्यावं. पण सोमवार समोर होता. मी त्याला बाहेर नेलं आणि सांगितलं की पोट फुगायचं कारण बहुतेक ही कवळी आहे, ती सैल झाली आहे, आणि मी दोन वर्षांत एकदाही तोंड उघडून बघितलेलं नाही.

त्याने माझ्या हातातली फाइल काढून घेतली. मग म्हणाला, "म्हंजे दीड वर्ष माझी आई तुमच्या दातापायी उपाशी हाय?"

"व्हय."

"तुमी बाजारात इचारायलाव की कसे हायत म्हून. ती सांगायलीय झकास. आन् तुमी ते खरं धरलाव?"



मग मी सोलापूरच्या सर्जनना फोन लावला. ते आधी हसले. पोटाचा आजार तोंडात सापडला का, म्हणाले. मी एकतीस आणि चार हे आकडे सांगितले, मग उपवास सांगितला, मग रुमालातले दात. ते हसायचे थांबले. भला माणूस. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: दात काढून किती दिवस ठेवता, आणि मोजणार कसं. मी म्हणालो, रविवारपर्यंत, आणि टेपने. ते म्हणाले, "रविवारी संध्याकाळी मला आकडे पाठवा. पोट फुगलं तर सोमवारी टेबल तयार आहे. आणि फुगलं नाही तरी तपासायला आणायचं. तुमच्या भरवशावर मी फाइल बंद करणार नाही."

अक्का मात्र रविवारपर्यंत दात काढून ठेवायला तयार होईनात. ऑपरेशनच्या आधी भेटायला म्हणून निर्ण्याचे भाऊ, मुडबीच्या नणंदा, सगळे येणार होते. त्यांच्यापुढे बोळकं तोंड घेऊन बसायचं? मी हात जोडले. शेवटी मी म्हणालो, "अक्का, दात सैल हायत हे तुमी मला कामून सांगितलं न्हाईत?"

त्यांचे डोळे भरून आले होते. "तू हातानं करून दिलास. प्रसादाला नाव ठिवू का मी? आन् खरं सांगू? आज डबीसाठी न्हाई आले. मी टेबलावरून उठले न्हाई तर हे दात तुझे तुला माघारी द्यायचे, म्हून शिवराजला तुझ्यापुढं सांगावं म्हणाले."

मी कवळी धुतली, डबीत ठेवली आणि डबी माझ्या ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं.

दात घातलेले असतानाचं बेंबीवरचं माप शिवराजने जपून ठेवलेल्या जुन्या वहीत होतंच. सकाळी चौतीस इंच, संध्याकाळी अडतीस, महिनोन्महिने. सर्जननीच लिहायला सांगितलेलं. आता सून शिंप्याच्या टेपने मोजायची आणि मला व्हॉट्सॲप करायची. शुक्रवारी संध्याकाळी छत्तीस आले. मी क्लिनिकमध्ये एका पेशंटच्या दाढेत मशीन घालून उभा होतो, तसाच "कमी झालं" म्हणालो. तो बिचारा समजला दुखणं कमी झालं का विचारतोय, आणि मान हलवली. शनिवारी पस्तीस. पाहुण्यांनी घर भरलेलं, अक्का पदर तोंडाला लावून एका जागी गप्प, आणि शिवराजचा फोन की एवढी शांतता घरात कधी बघितली नव्हती. त्याचा आवाज निवळलेला वाटला.

रविवारी मी जेवलो नाही. सहाला मेसेज यायचा तो साडेसहा झाले तरी आला नाही. मी गाडी काढली आणि त्यांच्या घरी जाऊन उभा राहिलो. सून टेप घेऊन आतून येत होती. तिने तीनदा मोजलं होतं, विश्वास बसेना म्हणून. साडेचौतीस. मुडबीच्या नणंदेने केलेली तुरीची आमटी अक्कांनी दुपारी भाताबरोबर ओरपून खाल्ली होती, दीड वर्षांनी. मी शिवराजला मिठीच मारली. त्याने मारू दिली.

ऑपरेशन रद्द झालं. सर्जननी सांगितल्याप्रमाणे अक्कांना नेऊन दाखवलं, त्यांनी तीन महिने लक्ष ठेवलं आणि वजन चढायला लागलं तशी फाइल बंद केली. मी जुनी कवळी रिलाइन केली नाही. नवीनच केली. माप तीन वेळा घेतलं. मागच्या कडेला बोट दाबून बुडबुडा शोधला, तो आला नाही.

पंधरा दिवसांनी अक्का तपासायला आल्या. खुर्चीत बसल्या-बसल्या म्हणाल्या, "डाव्या बाजूला टोचायलंय. आन् हा समोरचा दात वाकडा बसवलास. ध्यान कुठं असतंय तुझं?"

वीस वर्षांत एवढी गोड तक्रार मी ऐकली नव्हती. डावी कड घासून दिली. दात वाकडा नव्हता, तरी आरसा धरून दोघांनी पाच मिनिटं त्यावर वाद घातला.

जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "तम्मा, खरं सांग. माझ्या खानावळीत कदी काही चुकलं का?"

मी आजूबाजूला बघितलं. मग म्हणालो, "अक्का, गुरुवारची आमटी खारट असायची."

"चार वर्षं?"

"चार वर्षं."

त्या उंबऱ्यातच बसायच्या बाकी राहिल्या. "आन् तवा कामून बोलला न्हाईस रे?"

तेव्हापासून मी पेशंटला दात कसे आहेत हे विचारत नाही. काय वाईट आहे ते सांगा, म्हणतो. आणि कुणी झकास म्हणालं की त्याला आधी खुर्चीत बसवतो.