जिभेसाठी पाच वाफे

माझ्या ताईच्या घरामागची जागा म्हणजे अंगण नव्हे. घर बांधताना उरलेल्या विटा, फुटकी कौलं, गंजलेला पत्रा आणि त्यावर कपडे वाळत घालायच्या दोन तारा. तिथे धड गवतसुद्धा उगवत नव्हतं. त्या जागेत ताईनं पाच जातींचे बटाटे लावायचं काढलं, तेव्हा मी तिला स्पष्ट सांगितलं, ‘ताई, तुझं डोकं फिरलंय.’

‘फिरू दे,’ ती म्हणाली. ‘कुदळ धर.’

मी धरली. काय करणार? तिच्यापुढे माझं आजवर कधी काही चाललंय?

ताई हॉस्पिटलच्या धोबीखान्यात इस्त्रीवर असते. वाफ, उकाडा आणि दिवसभर उभं राहणं. तिची कंबर पार कामातून गेली आहे, पायांच्या शिरा टरारून वर आल्यात. तिथून सुटली की घर, भांडी, औषधं, आणि भाऊजी. त्यात आता विटा उपसायच्या. बरं, मदतीला कोण, तर मी. दोन गल्ल्या सोडून माझं कपडे अल्टर करायचं दुकान आहे. सुईत दोरा ओवताना माझे हात थरथरत नाहीत, पण चार घमेली माती वाहिली की लटलट कापायला लागतात. दुपारी गिऱ्हाइकाच्या ब्लाउजचं काज वाकडं झालं की मी मनातल्या मनात अख्ख्या बटाटा जमातीला शिव्या घालायचे.

हे सगळं भाऊजींच्या जिभेपायी.

भाऊजी म्हणजे ताईचा नवरा. एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य स्वयंपाकी होते. डावातला एक थेंब तळहातावर घ्यायचे, चाटायचे आणि अख्ख्या पातेल्याचा निकाल लावायचे. मीठ मागाहून पडलंय, कांदा घाईत परतलाय, तेल कालचं आहे. माझ्या घरी जेवायला आले की मी आमटी तीनदा चाखून बघायचे. जेवणाला नावं ठेवायचे नाहीत, पण पहिला घास घेऊन जरा थांबायचे. ते थांबणंच जीव घ्यायचं.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे लाइट दिले. गाठ गेली, पण जाताना चव घेऊन गेली. ‘येईल हळूहळू,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुष्कळांची येते म्हणे. भाऊजींची आली नाही. काहीही तोंडात घातलं की म्हणायचे, ‘ओला पुठ्ठा.’ सूप दिलं तर पातळ पुठ्ठा, भात दिला तर दाणेदार पुठ्ठा. लाळ सुटायची नाही म्हणून घास तोंडातच फिरत राहायचा. त्यातल्या त्यात कुस्करलेला बटाटा दोन-तीन चमचे खाली उतरायचा. बाकी दूध आणि डब्यातली पावडर.

माणूस वाळत चालला. इतरांना ते वजनकाट्यावर दिसायचं, मला शिलाई मशीनवर दिसायचं. त्यांच्या पँटी कमरेत आत घ्यायला माझ्याकडेच यायच्या. आधी मागची शिवण घेतली, मग दोन्ही बाजूंच्या. शेवटी मागचे दोन खिसे एकमेकांना येऊन चिकटले, तेव्हा मी पँट बाजूला ठेवली आणि दुकानाचं दार लावून रडले.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सरळ होतं. पोटातून नळी घालू, त्यातून पातळ खाणं देऊ, अंगात ताकद येईल, माणूस जगेल. भाऊजी ऐकतील तर शपथ. ‘मी काय स्कूटर आहे का, नळी लावून टाकी भरायला? आयुष्यभर लोकांच्या तोंडात घास घातला मी. तोंडानं जाईल तेवढं जाईल. नाही गेलं तर नाही.’

नाही गेलं तर काय, हे आम्हाला तिघांनाही कळत होतं. ताईनं हात जोडले, अबोला धरला, मी चांगलं खडसावून पाहिलं. माणूस ढिम्म.

आणि एक दिवस ताईला आठवलं, की भाऊजी पूर्वी कॅन्टीनमधून आले की कुरकुरायचे: बाजारात बटाटा म्हणून एकच गुळमुळीत माल येतो, जातिवंत बटाट्याला ज्याची त्याची चव असते, एखादा तर नुसता उकडला तरी जीभ जागी होते. एवढं आठवलं आणि बाईसाहेब सुट्टीच्या दिवशी बस बदलून बियाणेवाल्याकडे पोचल्या. येताना पिशवीत पाच जातींचे बटाटे.

‘अगं, मग हेच उकडून घाल की त्यांना,’ मी म्हटलं.

‘बेणं आहे ते, लावायचं. औषधाची पूड चोळलीय त्याला. नवऱ्याला विष घालू?’

‘आणि हे उगवून येईपर्यंत?’

अंड्यांचे रिकामे ट्रे घेऊन ताईनं एकेका खळग्यात एकेक बटाटा बसवला, डोळे वरच्या बाजूला करून. ट्रे खिडकीपाशी उजेडात मांडले. बटाट्याला ज्या बारीक खोलग्या असतात त्यांना डोळे म्हणतात आणि तिथूनच कोंब फुटतो, ही विद्या मला या वयात मिळाली. भाऊजी खिडकीशी बसलेले असायचे. त्यांनी त्या ट्रेकडे पाहून एवढंच विचारलं, ‘ही कुणाची वरात?’

पण नावं त्यांनीच ठेवली. लाल सालीचा तो लालू. जांभळा तो राजे. पिवळ्या गराचा तो लोण्या. बोटाएवढा लांबुळका तो करंगळ्या. आणि पाचवा, पांढरा, खडबडीत, चेहऱ्यावर वैताग असलेला, त्याचं नाव त्यांनी माझ्याकडे बघत मावशी ठेवलं. गल्लीतली पोरं मला मावशी म्हणतात. मी ऐकून घेतलं. आजाऱ्याशी कोण भांडणार?

पाच वाफे झाले. ताई पहाटे उठून पाणी घालायची, कामावरून आली की चपलाही न काढता मागे जायची. कोंब वर आले, पानं सुटली, मग मातीची भर घालायची वेळ आली. बटाटा उघडा पडून त्याला ऊन लागलं की तो हिरवा होतो, कडू होतो, खाण्यालायक राहत नाही, म्हणून बुंध्याशी पुन्हा पुन्हा माती ओढायची. वाकायचं, ओढायचं, सरळ व्हायचं. सरळ होताना ताईच्या तोंडून जो आवाज निघायचा तो ऐकला की माझाच जीव कासावीस व्हायचा. एकदा ती भर घालता घालता वाफ्यात खाली बसली आणि उठेचना. मला वाटलं चक्कर आली. जाऊन बघते तर कुदळीच्या दांड्याला डोकं टेकून झोपलेली.

‘ताई, बस झालं. पुरे कर हे.’

‘लोण्याची राहिलीय गं एवढी.’

त्या लोण्याला पुढे करपा पडला. पानांवर काळे डाग, दोन दिवसांत अर्धा वाफा भाजल्यासारखा. बियाणेवाला फोनवर म्हणाला, पाला ताबडतोब कापून टाका, नाहीतर रोग खाली उतरेल आणि शेजारच्या वाफ्यांतही जाईल. ताईनं पाला कापला, पोत्यात भरला, तोंड बांधलं. रडली नाही. हात धुऊन भाऊजींना दूध द्यायला गेली.

दर तपासणीला वजन उतरलेलंच. दर वेळी डॉक्टरीणबाई नळीचं विचारायच्या, भाऊजी मान हलवायचे. शेवटच्या खेपेला बाईंनी फाइल मिटली आणि म्हणाल्या, ‘आजोबा, पंधरा दिवसांनी या. तेव्हा मी विचारणार नाही. नळी घालायचं ऑपरेशन सोसेल एवढं अंगात उरलेलंच नसेल.’

बाहेर आल्यावर ताई मला म्हणाली, ‘उद्या काढू.’

‘काय?’

‘बटाटे. लहान असतील, पण काढू.’

मी कपाळावर हात मारला. पण दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून गेले. ताईनं रजा टाकली होती. आम्ही दोघींनी सकाळभर वाफे उकरले. लालू बऱ्यापैकी निघाले. राजे फार नाहीत. लोण्या गोट्यांएवढे. करंगळ्या भरपूर. मावशी सगळ्यांत दांडगी निघाली, ते बघून ताई किती दिवसांनी जराशी हसली.

दोनच शेगड्या, त्यामुळे आळीपाळीनं पाच पातेली चढवली. मीठ नाही, मसाला नाही, नुसतं पाणी. मग पाच बश्या. ताईनं एकेक बटाटा सोलला, चमच्यानं दाबला आणि भाऊजींपुढे मांडला. स्वतः उभीच. एक हात टेबलावर टेकलेला, कारण त्याशिवाय तिला उभं राहवत नव्हतं.

भाऊजींनी लालू तोंडात घेतला. घोळवला. पूर्वी थांबायचे तसेच थांबले.

‘नाही,’ ते म्हणाले आणि पाण्याबरोबर गिळलं.

राजे. नाही. लोण्या. त्याला जरा वेळ लावला. ताई नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. नाही. करंगळ्या. नाही. मावशीचा घास घेतला, आणि यावेळी पाणी न पिता चमचा खाली ठेवला.

‘कशाचीच नाही गं,’ भाऊजी म्हणाले. ‘खोटं बोलणार होतो. कालपासून ठरवलं होतं, तिसऱ्याला हो म्हणायचं.’

‘मग म्हणायचं होतंत की!’ मी ओरडलेच.

‘हो म्हटलं असतं तर हिनं सगळी जागा तिसऱ्यानं भरली असती.’

मला हसू फुटलं आणि लगेच लाज वाटली. ताईच्या तोंडावरची रेषही हलली नाही. ती म्हणाली, ‘बियाणेवाल्याकडे अजून दोन जाती आहेत. एक गुलाबी गराचा असतो म्हणाला, त्याला जास्त चव असते. जागा तयारच आहे आता. पुढच्या हंगामात आपण…’

‘पुढच्या हंगामात मी नसेन.’

भाऊजी तिच्या टेबलावरच्या हाताकडे बघत होते. वाफेनं सोललेली बोटं, भेगांत घुसलेली माती. ती काही साबणानं निघत नव्हती.

‘आणि मी नसलो तरी तू त्या लावशील,’ ते म्हणाले. ‘मला ठाऊक आहे ना. मी रोज खिडकीतून बघतो. तू काही हट्ट सोडणार नाहीस. मग मीच सोडतो. उद्या जाऊ. घाला म्हणावं नळी.’

मला वाटलं ताईच्या जिवाला बरं वाटेल. कसलं काय! ती अशी भडकली की मी दोन पावलं मागे सरले.

‘उद्या? आणि इतके दिवस काय झालं होतं? हात जोडले तेव्हा नाही सुचलं? मातीत लोळवलंत मला! कंबर मोडली माझी! डॉक्टरीणबाईंनी नाही म्हटलं उद्या तर? उशीर झाला म्हणाल्या तर?’ आणि मग तिचा आवाजच गेला. ‘दमले हो मी. फार दमले.’

सख्खी बहीण असून तिच्या तोंडून हे मी कधी ऐकलं नव्हतं.

भाऊजींनी पायानं शेजारची खुर्ची सरकवली. हातानं सरकवायची ताकद नव्हती. ‘बस. सकाळपासून तुझ्या पोटात काही नाही. खा ते.’

ताई बसली. डोळे पुसायचंही भान नव्हतं. समोरच्या बशीतला बटाटा हातानंच उचलून तिनं तोंडात घातला.

‘कसा लागतो?’ भाऊजींनी विचारलं.

‘बटाट्यासारखा.’

‘शाबास! इतकी वर्षं स्वयंपाक्याच्या घरात काढलीस. नीट सांग.’

ताईनं आणखी एक घास घेतला. या खेपेला जरा थांबली. ‘पिठूळ आहे,’ ती म्हणाली. ‘आणि… भाजलेल्या शेंगदाण्याचा वास येतो तसं काहीतरी.’

‘आधी की गिळल्यावर?’

‘गिळल्यावर.’

‘हं,’ भाऊजींनी डोळे मिटले. ‘आता तो पिवळा. सावकाश खा.’

ताई एकेक बशी पुढे ओढत होती, खात होती, शब्द शोधत होती, आणि डोळ्यांतलं पाणी तसंच गालावरून वाहत होतं. भाऊजी मध्येच अडवून विचारायचे, गोडी जिभेच्या टोकाला आहे का, घशाशी काही उरतं का, आणि ती पुन्हा घास घेऊन सांगायची. मी पातेली घासायला घेतली. मला ते बघवत नव्हतं आणि तिथून निघून जाववतही नव्हतं.